सांगली १२५१ किलोहर्ट्झ ते एफएम: आमच्या भागात रेडिओवर गाणं कोण निवडायचं?

कृष्णाकाठ

रेडिओच्या इतिहासावर मराठीत जे वाचायला मिळतं ते सगळं मुंबई-पुण्याचं. अमीन सयानी, विविध भारती, झालं. पण सांगली, जळगाव, परभणी, रत्नागिरी या केंद्रांनी आपापल्या भागाला गाणी ऐकायचं वेड लावलं त्याबद्दल कोणी धड लिहीत नाही. म्हणून मला जे माहितीये ते मांडतो, बाकीच्यांनी भर घाला. मी सांगलीचा, त्यामुळे सांगलीपासून सुरुवात.

सांगली केंद्र १९६३ चं. मध्यम लहरी, १२५१ किलोहर्ट्झ. सभा, म्हणजे प्रसारणाचं सत्र, सुरू होताना निवेदक 'दोनशे एकोणचाळीस पूर्णांक आठ दशांश मीटर्स अर्थात बाराशे एक्कावन्न किलोहर्ट्झ' म्हणायचे ते आमच्या गल्लीतल्या शाळेत न जाणाऱ्या पोरांनाही पाठ होतं. (तीन लाखाला १२५१ ने भागा, बरोबर २३९.८ येतं.) त्याआधी केंद्राची ती धून वाजायची, वॉल्टर कॉफमन नावाच्या युरोपातून आलेल्या संगीतकाराने बांधलेली, ती वाजली की घरात दिवस सुरू.

आता १९६३ या सालाकडे जरा नीट बघा. १९५२ ते ६२ अशी दहा वर्षं नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे होतं. पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे मोठे जाणकार, आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवर नकोत या मताचे. गाण्यांची चाळणी सुरू झाली, सिनेमाचं नाव सांगायचं नाही कारण ती जाहिरात होते, असले नियम आले, निर्मात्यांशी बिनसलं आणि आकाशवाणीवरची फिल्मी गाणी जवळजवळ बंद पडली. लोकांनी काय केलं? सुई फिरवून सरळ कोलंबो लावलं. रेडिओ सिलोनकडे महायुद्धातलं लष्करी ट्रान्समीटर होतं, शॉर्टवेव्हवर ते अख्ख्या भारतात ऐकू यायचं, आणि डिसेंबर १९५२ पासून बुधवारी रात्री आठला बिनाका टूथपेस्टवाल्यांची बिनाका गीतमाला. म्हणजे सांगलीच्या माणसाने कुठलं गाणं ऐकायचं ते आधी दिल्लीतला मंत्री ठरवत होता, नंतर टूथपेस्टची कंपनी ठरवायला लागली! शेवटी सरकारलाच ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली.

सांगली केंद्र आलं ते या सगळ्यानंतर. आणि माझ्या मते खरा फरक इथे पडला. विविध भारतीवर फर्माईश कुणाची तर पार तिकडे बिहारमधल्या (आताच्या झारखंडमधल्या) झुमरीतलैयाची. सांगलीवर फर्माईश कवठेमहांकाळची, तासगावची, कुंडलची. 'आपली आवड' मध्ये आपल्या शेजारच्या गावातल्या माणसाचं नाव यायचं आणि त्याने निवडलेलं भावगीत चार-पाच जिल्हे ऐकायचे. गाणं निवडणारा माणूस पहिल्यांदाच एसटीने जाऊन भेटता येईल इतक्या अंतरावर आला. मला या धाग्यात हेच धरून बोलायचंय, आपल्या भागात गाणं निवडायचा हक्क कुणाकडे कधी होता आणि तो कसा गेला.

मिरजेचा_तंबोरा

भारी विषय. एक भर घालतो, सांगलीवर नुसती फिल्मी गाणी कधीच नव्हती. नाट्यसंगीत, भावगीत, भक्तिगीत, अभंग याचा वाटा फार मोठा होता आणि आमच्या मिरज-सांगलीकडे ते म्हणजेच पॉप्युलर संगीत. हळद बाजारात हमाल लोक नाट्यपदं गुणगुणताना मी ऐकलेत. त्यामुळे 'लोकप्रिय गाण्याचं स्टेशन' म्हणजे हिंदी फिल्मी असं धरू नका, आपल्याकडे तो हिशोब वेगळा होता.

आणि सकाळचा क्रम कोण विसरेल, अभंग, मग संस्कृत बातम्या, मग सात पाचला पुण्याहून प्रादेशिक बातम्या, आणि त्यानंतर गाणी. शाळेची तयारी गाण्यावर चालायची, अमुक गाणं लागलं म्हणजे दप्तर भरून दारात पाहिजे.

शालन_इचल

मी इचलकरंजीची. आमच्याकडे मागाच्या खटखटाटात रेडिओ ऐकू येणं शक्यच नाही, पण मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं मशीन बाजूच्या खोलीत असायचं, तिथे बायका बसायच्या आणि तिथे रेडिओ असायचाच. माझी आई तिथे काम करायची. दुपारची सभा पूर्ण ऐकली जायची, बायकांचा कार्यक्रम, मग गाणी. पोस्टकार्ड लिहायचं काम माझ्याकडे कारण माझं अक्षर बरं. पंधरा पैशाचं कार्ड, वरती गाण्याचे बोल, चित्रपट, गायक, आणि खाली नावांची यादी. यादी जितकी लांब तितकं चांगलं असं सगळ्यांना वाटायचं त्यामुळे कार्डाच्या कडेने उभं पण लिहायचे, पत्त्याच्या बाजूला सुद्धा दोन नावं घुसवायची. 'शालन, सुमन, आक्काताई, मंगल, छबू आणि सर्व कांडीवाल्या' असं एकदा निवेदिकेने जसंच्या तसं वाचलं होतं, 'सर्व कांडीवाल्या' सकट. त्या दिवशी मशीन बंद करून सगळ्या उभ्या राहिल्या होत्या. मालक पण काही बोलला नाही.

कृष्णाकाठ म्हणतात तो हक्क म्हणजे हाच. माझ्या आईचं नाव कुठल्या कागदावर छापून आलं नाही कधी, रेडिओवर मात्र आलं.

सीमाभाग

शालनताई काय लिहिलंय! आम्ही निपाणीकडचे. राज्य कर्नाटक, घरात मराठी, आणि रेडिओवर दोन्ही. धारवाड १९५० चं स्टेशन, ते जोरात यायचं, आणि सांगली पण स्वच्छ. सकाळी वडील धारवाड लावायचे बाजारभावासाठी, दुपारनंतर आई सांगली. चिकोडी, अथणी, रायबाग इकडून सांगलीला भरपूर पत्रं जायची आणि ती वाचली पण जायची, कुणी राज्य विचारत नव्हतं. मीडियम वेव्हचं हे फार मोठं काम होतं, रात्री तर लहरी वरच्या थरावरून परत येतात म्हणून कुठून कुठून स्टेशनं लागायची. एफएमला ते जमत नाही, टॉवर जिथवर दिसतो साधारण तिथवरच ऐकू येणार. घाटाच्या पलीकडे गेलं की खरखर.

गुऱ्हाळ_नाइट_शिफ्ट

एवढं गोड चित्र उभं करताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी ८० च्या दशकात कॉलेजला होतो आणि आम्हाला आकाशवाणीचा राग यायचा. दिवसातून तीन सभा, मधे बंद. त्या तीन सभांत शेती, आरोग्य, चर्चा, शास्त्रीय, आणि गाण्याला उरलेली अर्धा अर्धा तासाची फोडणी. फर्माईशचं पत्र टाकलं की दोन महिने वाट बघा. नवीन सिनेमाची गाणी पानपट्टीवर कॅसेटवर वाजून जुनी व्हायची तेव्हा रेडिओवर यायची. निवडायचा हक्क लोकांकडे होता म्हणताय पण चाळणी केंद्रावरच होती ना? पत्र आलं तरी कुठलं घ्यायचं ते कार्यक्रम अधिकारी ठरवणार, ती रेकॉर्ड लायब्ररीत असली पाहिजे, ती मंजूर असली पाहिजे.

मला विचाराल तर छोट्या गावात गाण्याचं खरं स्टेशन आलं ते २००६ नंतर, खासगी एफएम आल्यावर. २४ तास गाणी. फोन लावा, आत्ता सांगा, आत्ता ऐका.

कृष्णाकाठ

गुऱ्हाळ, मुद्दा एकदम मान्य, आकाशवाणी संथ होती आणि चाळणी होतीच. पण चाळणी लावणारा माणूस सांगलीतच राहायचा, त्याला लोक मंडईत गाठून विचारायचे की आमचं पत्र का नाही लागलं. फरक तिथे आहे.

खासगीचा इतिहास पण सांगतो, कारण तो लोकांना वाटतो तेवढा सरळ नाही. पहिला लिलाव २००० साली झाला, ४० शहरांसाठी १०८ चॅनल. पण फी आधीच ठरलेली आणि दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जाणारी, धंदा होवो न होवो. ती कोणाला परवडेना. प्रत्यक्षात बारा शहरांतच स्टेशनं उभी राहिली, आपल्यासारख्या गावांना काही मिळालं नाही. मग २००५ ला धोरण बदललं, ठरलेल्या फीऐवजी उत्पन्नाच्या ४ टक्के. त्याबरोबर एक ते दहा लाख वस्तीची शहरं क आणि ड गटात आली आणि त्यांच्यासाठी बोली लागली. सांगली, सोलापूर, नगर, जळगाव, अकोला, नांदेड इथे रेडिओ सिटी आलं. कोल्हापुरात रेडिओ मिरची, आणि 'पुढारी'वाल्यांचं टोमॅटो एफएम ९४.३. नगर, धुळे, जळगावात धमाल पण होतं. त्या काळात मोबाइलमध्ये एफएम येत होतं, हेडफोनची वायर हाच अँटेना, त्यामुळे अचानक प्रत्येक पोराच्या खिशात रेडिओ.

वाटाण्या_उसळ

टोमॅटो! ते नाव ऐकून लोक आधी हसले आणि मग दुसरं काही ऐकेनात. त्यांचं कौतुक एवढ्यासाठी की कोल्हापुरात कोल्हापुरी बोलायचे. 'काय म्हंतीस भावा' रेडिओवर ऐकायला मिळेल असं कोणाला वाटलं होतं? आकाशवाणीवरची मराठी फार सुंदर पण ती पुण्याची, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. खासगीने आमची बोली हवेत आणली, एवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

फेडर_डाऊन

बराच वेळ वाचतोय, आता लिहितोच. मी असल्याच एका छोट्या शहरातल्या खासगी चॅनलवर आरजे होतो, नंतर प्रोग्रॅमिंगला. चॅनलचं नाव गाव सांगत नाही.

गुऱ्हाळ म्हणतायत 'फोन लावा, आत्ता सांगा, आत्ता ऐका'. तसं सुरुवातीला थोडं होतं. नंतर नव्हतं. आतलं काम कसं चालतं ते सांगतो. सिलेक्टर नावाचं सॉफ्टवेअर असतं. त्यात प्रत्येक गाण्याला कप्पा लावलेला असतो: नवीन हिट, थोडं जुनं हिट, सोनेरी वगैरे, वेग किती, गायक पुरुष की बाई, मूड कुठला. नवीन हिटच्या कप्प्यात मोजकी गाणी आणि ती दर काही तासांनी फिरून येणार. सॉफ्टवेअर उद्याच्या चोवीस तासांची यादी आज काढून देतं. ती यादी आमच्याकडे मोठ्या शहरातल्या ऑफिसातून यायची. फोनवर कोणी गाणं मागितलं तर आम्ही आधी यादी बघायचो, पुढच्या तासात तेच गाणं असलं तर तो फोन 'लाइव्ह' घ्यायचो. नसलं तर 'नक्की प्रयत्न करतो दादा'. म्हणजे यादीला जुळणारा माणूस शोधायचा. मला हे आवडत नव्हतं आणि मी बोलायचो पण, पण यादीला हात लावायची परवानगी नव्हती.

आता यात नुसती कंपनीची चूक धरू नका, हिशोब पण बघा. छोट्या शहरात जाहिरात कोण देणार? साडीचं दुकान, सराफ, क्लासवाले, ट्रॅक्टरचे डीलर, गणपतीत आणि दिवाळीत थोडी चलती. दहा सेकंदाचा दर मोठ्या शहराच्या मानाने काहीच नाही. पण खर्च? टॉवरचं भाडं, वीज, डिझेल, आणि गाण्याची रॉयल्टी. सुरुवातीला रॉयल्टी 'नीडल अवर' म्हणजे गाणं किती तास वाजलं त्या हिशोबाने होती. उत्पन्न असो नसो, गाणं वाजलं की मीटर चालू. छोट्या चॅनलना हे फार जड जायचं, बोलणं जास्त गाणं कमी करायची पाळी यायची. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने निकाल दिला की जाहिरातीच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के द्या. त्या दिवशी आमच्या ऑफिसात पेढे वाटले होते, खोटं सांगत नाही. तो निकाल नसता तर क आणि ड गटातली कितीतरी चॅनल तेव्हाच बंद पडली असती.

आणि तरीही खर्च कापायचा सोपा मार्ग म्हणजे माणसं कमी करणं. छोट्या शहरांच्या चॅनलना एकमेकांचे कार्यक्रम जोडून लावायची मुभा होती, पुढे ती आणखी वाढली. मग सकाळचा शो तुमच्या गावचा, बाकी दिवसभर दुसरीकडून रेकॉर्ड करून आलेला आवाज. ऐकणाऱ्याला वाटतं गावातच बसून बोलतोय, कारण शहराचं नाव मधे चिकटवलेलं असतं. माझ्याच आवाजात मी न बघितलेल्या चार शहरांची नावं घेऊन ठेवलीयेत.

शालन_इचल

फेडर डाऊन, वाचून वाईट वाटलं पण बरं झालं लिहिलंत. यादी आधी, माणूस नंतर. आम्ही कार्ड टाकायचो तेव्हा दोन महिने लागायचे पण माणूस आधी होता.

मिरजेचा_तंबोरा

एक प्रश्न. खासगीवर बातम्या का नसतात? २०१९ च्या पुरात आम्हाला याचा फार त्रास झाला. वीज गेली, मोबाइल बंद पडले, सेलवरचा रेडिओ तेवढा चालू. पाणी किती चढलं, कुठला पूल बंद, हे ऐकायला आकाशवाणीच लावायची.

फेडर_डाऊन

परवानगीच नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे २००५ नंतरच्या पुढच्या, धोरणात आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभा आली. पण एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते: वाहतूक, हवामान, पाणी आणि विजेबद्दलच्या सूचना, परीक्षेचे निकाल, स्थानिक सण-जत्रा, आपत्तीच्या वेळची सरकारी माहिती हे 'बातमी'त धरत नाहीत, ते सांगता येतं. म्हणजे पुरात कुठला रस्ता बंद हे खासगी चॅनल सांगू शकतं. फक्त ते सांगायला गावात रात्री माणूस बसलेला पाहिजे. रात्री अकरा नंतर स्टुडिओत एक इंजिनियर आणि वॉचमन असेल तर सांगणार कोण?

सीमाभाग

म्हणजे नियमापेक्षा माणूस नसणं हा मोठा अडथळा. हे मला नवीन कळलं.

डफळापूरचा

जत तालुक्यातून लिहितोय. सगळे आकाशवाणी आणि खासगी दोनच धरून बसलेत. तिसरा प्रकार आमच्याकडे आहे. जालिहाळला 'येरळावाणी' नावाचं कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे, येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीचं. शेजारी साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' ९०.४, ते २००८ चं. बारामतीला 'वसुंधरा वाहिनी'. २००६ च्या शेवटी सरकारने संस्थांना अशी केंद्रं काढायची परवानगी दिली, त्याआधी फक्त शिक्षणसंस्थांना होती.

ताकद बेताची, १०० वॉट, त्यामुळे दहा-पंधरा किलोमीटरच्या आत ऐकू येतं. जाहिरातीला पण तासाला पाच मिनिटांची मर्यादा होती, नंतर वाढवली. पण म्हसवडकडच्या केंद्रावर गजीनृत्याची गाणी, ओव्या, जात्यावरच्या ओव्या, मेंढपाळ लोकांची गाणी लागतात. ती कुठल्या सॉफ्टवेअरच्या कप्प्यात बसणार? गावातली बाई स्टुडिओत येऊन गाते आणि तेच रेकॉर्ड होतं, तेच वाजतं. कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे बघा. इथे निवडणारा पण गावचा आणि गाणारा पण गावचा.

वाटाण्या_उसळ

पण डफळापूर, पोरं ऐकतात का? पोरांना नवीन गाणी लागतात.

डफळापूरचा

पोरं मोबाइलवर यूट्यूब ऐकतात, ते खरंय. पण शेतात काम करताना, शेरडं राखताना रेडिओ. आणि स्वतःच्या आजीचा आवाज लागणार असेल तर पोरं सुद्धा ऐकतात, वर रेकॉर्ड करून स्टेटसला ठेवतात.

गुऱ्हाळ_नाइट_शिफ्ट

फेडर डाऊनचं वाचून माझं मत थोडं हललं. २४ तास गाणी हवी होती ती मिळाली पण गुऱ्हाळावर रात्रभर तेच तेच ऐकून आम्ही शेवटी पेनड्राइव्ह लावायला लागलो हे पण खरं. काहिलीजवळ उभं राहून रस ढवळणाऱ्याला हात मोकळा नसतो, त्याला कोणीतरी निवडून दिलेलं गाणंच हवं असतं. रेडिओची गरज तिथे अजून आहे.

आता नवीन लिलाव होणार ना? २०२४ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने २३४ शहरांसाठी ७३० चॅनल मंजूर केले, आपल्याकडची लातूर, बार्शी, चंद्रपूर, यवतमाळ, मालेगाव वगैरे त्यात आहेत. माझे मेहुणे बार्शीचे, तिथला एक पेपरवाला म्हणतोय आपण बोली लावू. त्याने लावावी का?

कृष्णाकाठ

स्थानिक पेपरवाल्यानेच लावावी असं मला मनापासून वाटतं. कोल्हापुरात तेच घडलं, तिथल्याच दैनिकाने चॅनल काढलं म्हणून तिथली बोली हवेत आली. पेपरकडे जाहिरातदार आधीच ओळखीचे असतात, सराफाच्या दुकानात त्यांचा माणूस दर आठवड्याला जातोच.

फेडर_डाऊन

लावावी, पण आधी तीन गोष्टी ठरवून घ्या. पहिली, टॉवर कुठे, उंच जागा सरकारी की खासगी, कारण पोहोच उंचीवर ठरते आणि भाडं पण. दुसरी, रॉयल्टीचा आजचा दर काय आहे तो वकिलाकडून लेखी घ्या, २ टक्क्यांची ती व्यवस्था २०२० पर्यंतच होती, त्यानंतर परत तासाच्या हिशोबाकडे गाडी गेली. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, पहिल्या दिवसापासून दोन तास असे ठेवा की ज्याची यादी बार्शीतच बनेल, दुसरीकडून येणार नाही. भगवंताच्या उत्सवाच्या काळात, बाजाराच्या दिवशी, लग्नसराईत लोकांना काय ऐकायचंय ते बार्शीतल्याच माणसाला कळतं. हे दोन तास करारात लिहून घ्या, तोंडी नको, कारण मंदी आली की तोंडी ठरलेलं आधी कापलं जातं. मेहुण्यांचा नंबर मला मेसेज करा, खर्चाचा जुना तक्ता आहे माझ्याकडे तो पाठवतो.